भरतीच्या वेळापत्रकावर चालणारी मुंबई

गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचमध्ये बहुतेकांचं लक्ष ताज हॉटेलच्या घुमटाकडे असतं किंवा थंडीच्या दिवसांत मागे लागलेल्या सीगल पक्ष्यांकडे. पण या तासाभराच्या प्रवासात डाव्या हाताला नजर लावून बसलं, तर रस्त्यावरून कधीच न दिसणारी मुंबई दिसते. शहराला तेल कुठून येतं, जहाजं कुठे थांबतात, पावसाचं पाणी कुठून बाहेर पडतं, हे सगळं पूर्व किनाऱ्याच्या काठाने उघडं पडलेलं आहे. रस्त्याच्या बाजूला गोदी आणि कारखान्यांच्या उंच भिंती आहेत. पाण्याच्या बाजूला भिंत नाही.

या साऱ्या यंत्रणेला एक समान मालक आहे, तो म्हणजे भरती-ओहोटी. मुंबईत दिवसातून दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, ओहोटीच्या तळापासून भरतीच्या माथ्यापर्यंत पाणी चार-पाच मीटर चढतं. अष्टमीच्या सुमारास भांगाचे दिवस असतात, तेव्हा हा फरक बराच कमी होतो. कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा वाजता. चंद्राच्या हिशेबाने भरती दर तिथीला सरासरी ४८ मिनिटं पुढे सरकते आणि हा आडाखा ४५ मिनिटं धरतो. कागद-पेन्सिल न घेता तोंडी करायच्या गणितासाठी इतकी अचूकता मला थक्क करते.

लाँच पुढे सरकते तशी नौदलाची गोदी मागे पडते आणि इंदिरा डॉकची बाजू दिसू लागते. १९१४ साली सुरू झालेल्या या गोदीचं मूळ नाव अलेक्झांड्रा डॉक. बाहेरचं पाणी दिवसातून दोनदा चढत-उतरत असताना आत धक्क्याला लागलेलं जहाज मात्र एकाच उंचीवर राहायला हवं, नाहीतर माल चढवणं-उतरवणं अशक्य होईल आणि ओहोटीला जहाजाचा तळ गाळात टेकेल. म्हणून गोदीच्या तोंडाशी सुमारे २२८ मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी पाण्याची एक खोली आहे, तिला लॉक म्हणतात. जहाज बाहेरच्या दरवाजातून या खोलीत शिरतं, मागचा दरवाजा बंद होतो, खोलीतली पातळी गोदीतल्या पाण्याएवढी केली जाते आणि मग आतला दरवाजा उघडतो. शंभर वर्षांहून जास्त काळ हे तत्त्व जसंच्या तसं चालू आहे. भरतीचं पाणी दरवाजाआड अडवून ठेवायचं, एवढंच ते तत्त्व. ही युक्ती पुढे वेगळ्याच ठिकाणी उपयोगी पडणार आहे.

वाटेत एक बेट लागतं, त्यावर पांढऱ्या-करड्या टाक्यांच्या रांगा आणि शेजारी पाण्यात उभे धक्के. हे जवाहर द्वीप, जुनं नाव बुचर आयलंड. ट्रॉम्बेचे तेलशुद्धीकरण कारखाने १९५०च्या दशकात उभे राहिले, तेव्हा कच्च्या तेलाची मोठी जहाजं लावायची कुठे हा प्रश्न होता. मुंबईच्या किनाऱ्यालगत पाणी उथळ, तळाशी चिखल. शिवाय इतकं ज्वालाग्राही तेल वस्तीजवळ उतरवणं धोक्याचं. बंदराच्या मधोमध, खोल पाण्याच्या मार्गाजवळ असलेलं हे बेट दोन्ही दृष्टींनी सोयीचं ठरलं. जहाज इथे लागतं, तेल उपसलं जातं आणि समुद्राच्या तळाखालच्या वाहिन्यांमधून माहूलच्या बाजूला पोहोचतं. चेंबूरहून माहूलला जाताना कारखान्यांच्या चिमण्या सगळ्यांना दिसतात, पण त्या चिमण्यांना पोसणारी नळी समुद्राच्या खाली आहे हे कुणाच्या डोक्यात येत नाही. ऑक्टोबर २०१७मध्ये या बेटावरच्या डिझेलच्या एका टाकीवर वीज कोसळली आणि आग लागली. ती पूर्ण विझायला काही दिवस लागले. धुराचा लोट पाहून त्या दिवशी अनेक मुंबईकरांना या बेटाचं अस्तित्व पहिल्यांदा कळलं असावं.

उत्तरेला अटल सेतू दिसतो. १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला हा पूल २१.८ किलोमीटर लांब आहे, त्यातला सुमारे साडेसोळा किलोमीटर भाग पाण्यावर. गाडीतून जाताना तो सरळ एकसुरी वाटतो. पाण्यावरून पाहिलं तर खांबांची लय मध्येच बदलते. काही ठिकाणी खांब एकदम लांब लांब जातात, दोन खांबांमधलं अंतर १८० मीटरपर्यंत वाढतं आणि वरचा भाग काँक्रीटऐवजी पोलादाचा होतो. त्या जागी खालून जहाजांची वाट जाते किंवा तळाशी तेल-वायूच्या वाहिन्या आहेत, म्हणून तिथे खांब रोवता येत नव्हता. पाण्याखाली काय दडलं आहे याचा नकाशाच पुलाने वर उमटवला आहे.

घारापुरी बेटाची गोष्ट मला या प्रवासातली सगळ्यात जवळची वाटते. जगभरातून माणसं जिथली लेणी पाहायला येतात, त्या बेटावरच्या शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या वस्त्यांमध्ये फेब्रुवारी २०१८पर्यंत कायमची वीज नव्हती. संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा. समोर रात्रभर झगमगणारी मुंबई आणि इथे अंधार. तेव्हा न्हाव्याच्या बाजूकडून साडेसात किलोमीटर लांबीची केबल समुद्रतळातून टाकली गेली आणि घराघरांत मीटर लागले. जहाजांच्या वाटेत मनोरे उभारून तारा ओढणं शक्य नव्हतं. अशा केबलीत विद्युतवाहक धातूभोवती विजेला अडवणारं प्लॅस्टिक असतं आणि त्याभोवती पोलादी तारांचं चिलखत. पाण्यापासून बचाव तर हवाच, पण बंदरात खरी भीती नांगराची. एखाद्या जहाजाचा नांगर तळावरून ओढला गेला तर केबल तुटू शकते, म्हणून ती गाळात पुरतात.

आता पावसाच्या पाण्याकडे येऊ. ओहोटीच्या वेळी किनाऱ्याच्या अगदी जवळून होडी गेली, तर दगडी बांधामध्ये मोठाली कमानीची किंवा चौकोनी तोंडं दिसतात, त्यांतून काळपट पाणी चिखलावर ओघळत असतं. महापालिकेच्या भाषेत ही पातमुखं. रस्त्यावर पडलेला पाऊस गटारांतून, नाल्यांतून, जमिनीखालच्या पर्जन्य जलवाहिन्यांतून शेवटी इथे येतो. सहा तासांनी त्याच जागी परत या, तोंड गायब झालेलं असतं, भरतीच्या पाण्याखाली.

शहरात अशी १८६ पातमुखं आहेत. त्यांपैकी ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत आणि १३५ भरतीच्या पातळीखाली. उरली सहा. म्हणजे भर भरतीत शहराची जवळजवळ सगळी तोंडं बुडालेली असतात. पाणी उंचावरून सखलाकडे जातं. बाहेरचा समुद्र आतल्या पाण्यापेक्षा उंच झाला की नाला थांबतो, आणि दरवाजा नसेल तर समुद्र उलटा आत शिरतो. सात बेटांमधल्या खाड्या बुजवून केलेल्या जमिनीवर हिंदमाता, परळ, शीवसारखे भाग बशीच्या तळासारखे सखल आहेत, त्यामुळे तिथे पाणी तुंबतं. दर पावसाळ्यात बातम्यांमध्ये ‘आज साडेचार मीटरच्या लाटा’ असं छापून येतं, ते चुकीचं आहे. तो आकडा लाटेचा नाही, भरतीच्या पातळीचा आहे, आणि तो समुद्राच्या सरासरी पातळीपासून मोजलेला नाही, नौकानयनाच्या नकाशांतल्या खालच्या शून्यापासून, म्हणजे ओहोटीच्या तळाजवळच्या पातळीपासून मोजलेला आहे. सरासरी पातळीच्या वर ती भरती साधारण दोन मीटर असते. जुन्या वाहिन्या तुंबवायला दोन मीटर पुरेसे आहेत.

त्या वाहिन्यांची आखणी ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी होती, तीही ओहोटी असताना आणि निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं धरून. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दुपारी अडीचनंतर जोर शिगेला पोहोचला. त्या दिवशी वद्य पंचमी होती. पाच पाऊणे पावणेचार. भरतीचा माथा खरोखरच पावणेचारच्या सुमारास आला आणि पातळी जवळजवळ साडेचार मीटर होती. आभाळ फाटलं नेमकं तेव्हा शहराची तोंडं बंद होती. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७५ मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

उपाय १९९३च्या ब्रिमस्टोवॅड अहवालात, म्हणजे मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्याविषयीच्या अहवालात, सुचवलेलेच होते: वाहिन्यांची क्षमता ताशी ५० मिलिमीटरपर्यंत वाढवायची आणि समुद्राच्या तोंडाशी दरवाजे व उदंचन (पाणी उपसणारी) केंद्रं बांधायची. भरतीला दरवाजा बंद, आतलं पाणी पंपाने उचलून बाहेर. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध अशी केंद्रं २००५नंतर एकेक करून उभी राहिली. त्यातलं ब्रिटानिया रे रोडच्या बाजूला, पूर्व किनाऱ्यावर आहे. इथला एक मोठा पंप सेकंदाला सहा हजार लिटर पाणी उपसतो. आकडा प्रचंड वाटतो, पण हिशेब करून पाहा. एका चौरस किलोमीटरवर ताशी ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि मुरायला जागाच नसेल, तर सेकंदाला जवळजवळ चौदा हजार लिटर पाणी गोळा होतं. असे सहा पंप एकदम चालले तरी अडीच चौरस किलोमीटरच्या आसपासच भाग कोरडा राहतो. माहूल खाडीवरचं केंद्र जागेच्या अडचणीत वर्षानुवर्षं रखडलं, तेव्हा कुर्ला-शीव-चेंबूरकडच्या लोकांनी काय सोसलं असेल ते या गणितावरून कळतं. मला हा विलंब अक्षम्य वाटतो.

सांडपाण्याचं जाळं वेगळं आहे आणि त्याचा शेवट पाण्यावरूनही दिसत नाही. वरळी आणि वांद्रे इथून प्रत्येकी साडेतीन किलोमीटरच्या आसपास लांबीचे बोगदे समुद्राखालून बाहेर जातात. सांडपाणी खारट पाण्यापेक्षा हलकं असतं, ते तळाशी सोडलं की वर चढतं आणि चढताना मिसळून पातळ होतं. या मिसळण्यावरच आजवर भिस्त ठेवली गेली. सोडण्याआधी मुख्यतः कचरा आणि वाळू तेवढी गाळायची, अशी पद्धत होती. आता सात ठिकाणी पूर्ण प्रक्रिया करणारी केंद्रं उभी राहत आहेत, ती फार आधी व्हायला हवी होती.

समुद्रही जागच्या जागी नाही. अपोलो बंदरात १८७८पासून पाण्याची पातळी नोंदवली जाते. आशियातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक. विसाव्या शतकात इथला समुद्र वर्षाला एक मिलिमीटरहूनही कमी वेगाने चढला. जागतिक सरासरी आता वर्षाला तीन मिलिमीटरच्या वर गेली आहे. भरतीखाली जेमतेम बुडणाऱ्या पातमुखांसाठी काही सेंटिमीटरही जड आहेत, कारण तोंड उघडं राहण्याचा वेळ प्रत्येक ओहोटीत थोडा थोडा कमी होतो.

म्हणून हिंदमातासाठी महापालिकेने वेगळी वाट धरली. प्रमोद महाजन कला उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या. भरती आणि मुसळधार पाऊस एकदम आले की पाणी पंपाने या टाक्यांत भरायचं, धरून ठेवायचं आणि समुद्र उतरला की सोडायचं. गोदीचा लॉक पाणी आत कोंडून ओहोटी निभावतो, टाक्या पाणी कोंडून भरती निभावतात. क्रिकेट खेळणाऱ्या मुलांच्या पायाखाली कोट्यवधी लिटर पावसाचं पाणी त्या दिवशीची ओहोटी सुरू व्हायची वाट पाहत असतं.