शून्याचीही नोंद होते

ऑगस्ट १९३३ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एक चक्रीवादळ आदळलं. मेरीलँड राज्यातल्या ओशन सिटीजवळ त्याने वाळूचा दांडा फोडला आणि मागच्या उथळ उपसागराला समुद्राकडे एक नवं तोंड करून दिलं. मच्छिमारांना ते इतकं सोयीचं ठरलं की पुढे दगडी बांध घालून ते कायमचं उघडं ठेवण्यात आलं. त्याच वादळाने थोडं दक्षिणेला, व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर, मोठं नुकसान केलं. तिथल्या उपसागरांच्या तळाशी उरलंसुरलं ईलग्रास त्याने उपटून नेलं.

ईलग्रास म्हणजे शेवाळ नव्हे. त्याला मुळं असतात, फुलं येतात, बी धरतं. हे समुद्री गवत लाटांचा जोर मोडतं, गाळ धरून ठेवतं, माशांच्या आणि खेकड्यांच्या पिल्लांना लपायला जागा देतं. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला एका सूक्ष्मजीवामुळे होणाऱ्या रोगाने अटलांटिकच्या दोन्ही काठांवरचं ईलग्रास झपाट्याने मेलं. फक्त याच गवताच्या पात्यांवर राहणारी एक चिमुकली सागरी गोगलगाय त्यात कायमची नामशेष झाली. व्हर्जिनियात रोगाने अर्धमेलं केलेलं गवत वादळाने संपवलं. लहानपणी पात्यांना चिकटून वाढणारे स्कॅलप शिंपले त्यासोबत गेले आणि त्यांच्यावर चालणारा धंदाही बसला. पुढची साठेक वर्षं तिथला तळ उघडाबोडका होता.

खरं कोडं पुढेच आहे. पाणी बऱ्यापैकी नितळ होतं, रोगाची साथ कधीच ओसरली होती, मग गवत परत का येत नव्हतं? कारण अगदी साधं निघालं. बीच नव्हतं. ईलग्रासची सुटी बी झाडापासून फार लांब जात नाही, थोड्याच अंतरावर तळाशी बसते. सर्वांत जवळचं कुरण मैलोगणती दूर असेल, तर उपसागर कितीही चांगला असला तरी तो वाट बघत राहतो. १९९०च्या दशकाच्या अखेरीला तिथे ईलग्रासचे छोटे ठिपके आढळले, म्हणजे जागा लायक आहे हे कळलं, आणि व्हर्जिनिया इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्सच्या शास्त्रज्ञांनी बी पेरून पाहायचं ठरवलं.

पेरायला बी लागतं आणि ते हातानेच गोळा करावं लागतं. इथे ‘द नेचर कॉन्झर्व्हन्सी’ या संस्थेचे स्वयंसेवक कामाला आले. वसंताच्या अखेरीला, पाणी उतरलं की, तोंडावर मुखवटा आणि श्वासाची नळी लावून ते कुरणावर पालथे तरंगतात. सपाट पाती सोडून द्यायची आणि फांद्या फुटलेला फिकट दांडा तेवढा खुडायचा. दांड्यावरच्या म्यानासारख्या आवरणात हिरवट दाणे एका ओळीत बसलेले असतात, बोटांना ते लागतात. खुडलेले दांडे जाळीच्या पिशवीत जातात, तिथून वाहत्या खाऱ्या पाण्याच्या टाक्यांत. टाकीत दांडे कुजतात, बी तळाशी पडतं, ते चाळून जपून ठेवतात आणि शरदात होडीतून पाण्यात फेकतात. फेकलेल्या बियांपैकी फार थोड्या रुजतात. तरीही २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला वीस वर्षांचा हिशेब असा आहे: सात कोटींहून अधिक बिया, २०० हेक्टरांहून थोड्या जास्त जागेत पेरलेल्या, आणि तोवर त्यातून पसरलेलं सुमारे ३,६०० हेक्टरांचं कुरण. पेरणीच्या पलीकडचा सगळा विस्तार गवताने आपला आपण केला.

अशी गोष्ट ऐकली की लगेच कुठेतरी काहीतरी पेरावंसं वाटतं. थोडं थांबायला हवं. हे जमलं, कारण तिथे फक्त बियांची उणीव होती. बहुतेक उथळ उपसागरांचं दुखणं वेगळं असतं आणि ते पाण्यातच असतं.

समुद्राला समांतर वाळूचा लांब दांडा, त्याच्या मागे छातीभर, कुठे पुरुषभर खोल पाणी, आणि समुद्राशी जोडणारी दोन-चार अरुंद तोंडं, अशी या उपसागरांची ठेवण. भरती-ओहोटी होते, पण आतल्या कोपऱ्यातलं पाणी बदलायला आठवडे लागतात. शेतांतून, हिरवळींवरून, सांडपाण्याच्या टाक्यांतून झिरपणारं नत्र आणि फॉस्फरस इथे येतं ते मुक्कामालाच. त्यावर सूक्ष्म शैवाल पोसतं, पाणी गढूळ हिरवं होतं, तळावरच्या गवताला ऊन मिळत नाही. ईलग्रासला पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचा साधारण पाचवा हिस्सा तळापर्यंत पोचावा लागतो. त्याखाली ते उपाशी मरतं. मेलेलं शैवाल कुजताना प्राणवायू खातं. दिवसा वनस्पती प्राणवायू सोडतात म्हणून दुपारी सगळं आलबेल दिसतं. रात्रभर सगळेच श्वास घेतात, सोडत कुणीच नाही, त्यामुळे पातळी तळाला जाते ती पहाटे. उन्हाळ्यात दुपारी मोजलेला चांगला आकडा आणि पहाटे पाचला तडफडणारे मासे एकाच दिवशी, एकाच धक्क्याजवळ असू शकतात.

म्हणूनच अशा उपसागरांचं पाणी मोजायला येणाऱ्या स्वयंसेवकाला पहिल्या दिवशी वेळेचं वेड लावतात. तीच जागा, तीच वेळ, तीच पद्धत. सरकारी होडी महिन्यातून एकदा येते. धक्क्याजवळ राहणारा निवृत्त माणूस दर आठवड्याला येऊ शकतो. शास्त्रज्ञांना त्याची गरज लागते ती याच सातत्यासाठी.

साधनं बघितली तर हसू येईल इतकी साधी. इटालियन खगोलशास्त्रज्ञ आणि धर्मगुरू अँजेलो सेक्की यांनी एप्रिल १८६५ मध्ये पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली. आज उपसागरांत वापरतात ती तबकडी २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चार भागांची, खुणा केलेल्या दोरीला बांधलेली. होडीच्या सावलीच्या बाजूने, गॉगल काढून, ती हळूहळू सोडायची. दिसेनाशी झाली की खूण वाचायची. मग वर ओढायची, पुन्हा दिसली की दुसरी खूण. दोन्हींची सरासरी लिहायची.

उथळ पाण्यात यात एक फसवी जागा आहे. कधी तबकडी तळाला टेकते आणि तरी स्वच्छ दिसत असते. दोरीवर समजा १.२ मीटर आहे. नवखा माणूस १.२ लिहून मोकळा होतो. पण हा पारदर्शकतेचा आकडा नव्हेच, ही पाण्याची खोली झाली, पारदर्शकता १.२ पेक्षा जास्त आहे एवढंच यातून कळतं. म्हणून तक्त्यात ‘तळापर्यंत दिसली’ असा वेगळा रकाना असतो. त्यात खूण करायची राहिली, तर वर्षाच्या शेवटी सर्वांत नितळ दिवस सरासरीत मधलेच दिसू लागतात आणि सुधारलेला उपसागर कागदावर आहे तिथेच राहतो.

शून्याचंही तसंच. पक्षी मोजायला गेलेला माणूस दोन तास बसला आणि एकही दिसला नाही, तर त्याला वाटतं आज नोंद करण्यासारखं काही नव्हतं. प्रत्यक्षात त्या दिवसाची नोंद फार मोलाची असते. फक्त दिसलेल्या दिवसांचे कागद जमा झाले तर पक्षी नेहमीच असतात असं चित्र उभं राहतं. ‘गेलो, पाहिलं, शून्य’ आणि ‘गेलोच नाही’ यांतला फरक नंतर कुठल्याही संगणकाला ओळखता येत नाही. तो जागेवरच लिहावा लागतो. या क्षेत्रातलं सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत कमी कौतुकाचं काम माझ्या मते हेच.

अमेरिकेच्या याच पूर्व किनाऱ्यावरच्या डेलावेअर उपसागरातल्या हॉर्सशू क्रॅबची गणती याचा उत्तम नमुना आहे. घोड्याच्या नालेच्या आकाराचं कवच आणि मागे टोकदार शेपूट असलेला हा प्राणी नावाला खेकडा, नातं कोळी-विंचवांशी. याच्या पूर्वजांचे जीवाश्म सुमारे ४४ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. मे-जूनमध्ये पौर्णिमा-अमावस्येच्या सुमारास, रात्रीच्या मोठ्या भरतीला, हे हजारोंनी काठावर येतात. मादी वाळूत एका वेळी चारेक हजार अंडी घालते, नर तिला धरून असतो आणि भोवती आणखी नर गोळा झालेले असतात.

त्या गर्दीत मोजायचं कसं? एक मीटर बाजूची चौकट घेऊन. भरती पूर्ण झाली की पाण्याच्या रेषेने चालत, आधीच ठरवलेल्या अंतरांवर चौकट ठेवायची आणि आतले नर-मादी वेगवेगळे मोजायचे. एका किनाऱ्यावर अशा १०० चौकटी. कडेवर अर्धा आत, अर्धा बाहेर असलेल्याचं काय करायचं, हेही ठरलेलं. पुढच्या चौकटीत एकही नसेल आणि दोन पावलांवर वीस असतील, तरी चौकट सरकवायची नाही. हात शिवशिवतात म्हणे! पण मोह आवरला नाही तर ती गणती किनाऱ्याची न राहता मोजणाऱ्याच्या हौसेची होते. १९९९ पासून ही पद्धत एकसारखी ठेवली आहे.

एवढं जपायचं कारण या प्राण्याच्या वयात आहे. तो वयात यायला नऊ-दहा वर्षं लागतात. १९९०च्या दशकात ईल मासे आणि शंख पकडायला आमिष म्हणून यांची प्रचंड मासेमारी झाली, आणि त्यांच्या अंड्यांवर जगणारा रेड नॉट पक्षी अडचणीत आला. दक्षिण अमेरिकेच्या टोकाहून आर्क्टिककडे निघालेला हा पक्षी इथे उतरतो आणि दोनेक आठवड्यांत अंडी खाऊन वजन जवळपास दुप्पट करतो. अंडी कमी पडली तर पुढचा पल्ला आणि पुढची वीण दोन्ही बिघडतात. आमिषासाठीच्या मासेमारीवर मर्यादा आल्या, २०१३ पासून डेलावेअर उपसागरातल्या माद्या त्यासाठी पकडायला कोटा देणं थांबलं. पण आज वाचवलेल्या पिल्लाचा परिणाम किनाऱ्यावर दिसायला दशक जातं, आणि तीन-चार वर्षं चालून बंद पडलेल्या गणतीला त्यातलं काहीच दिसलं नसतं. ही गणती एकटी निर्णय ठरवत नाही, जाळं ओढून केलेली शास्त्रीय मोजणीही जोडीला असते.

जाता जाता एक कामाची गोष्ट. लाटेने उलथलेला हॉर्सशू क्रॅब वाळूवर पाय हलवत पडलेला दिसला, तर कवचाच्या दोन्ही कडा धरून सुलटा करा. शेपटीने उचलू नका. ती नांगी नाही, तिच्यात विष नाही. उलथल्यावर सरळ होण्याचं ते त्याचं अवजार आहे आणि ओढाताणीत दुखावतं.

किनारा-सफाईकडे येऊ. आंतरराष्ट्रीय किनारा सफाई मोहीम १९८६ मध्ये टेक्सासमध्ये सुरू झाली, आणि तेव्हापासून कचरा उचलताना प्रकारवार मोजायचा असा तिचा दंडक आहे. वर्षानुवर्षं यादीत पहिला नंबर सिगारेटच्या थोटकांचा होता. २०१९च्या मोजणीत खाद्यपदार्थांच्या वेष्टनांनी त्यांना मागे टाकलं. पिशवी भरून फोटो काढला की किनारा पुढच्या भरतीपर्यंत साफ. काय, कुठून, किती हे लिहिलं तर नियम करणाऱ्यासमोर ठेवायला काहीतरी हाती येतं.

संस्थांच्या पत्रकांतले काही दावे मात्र चिमटीत धरून वाचावेत. ‘एक कालव दिवसाला १९० लिटर पाणी गाळतं’ हे वाक्य सगळीकडे भेटतं. तो अनुकूल परिस्थितीतला वरच्या टोकाचा आकडा आहे. थंडीत, गढूळ पाण्यात, लहान कालव त्याच्या कितीतरी कमी गाळतं. धक्क्याखाली पिंजऱ्यात कालवं वाढवणं चांगलंच काम आहे, पण वरून वाहून येणारं नत्र कमी झाल्याशिवाय कालवं एकटी उपसागर धुऊन काढत नाहीत.

अमेरिकेत १९८७ पासून ‘नॅशनल एस्च्युअरी प्रोग्रॅम’, म्हणजे नदीमुखं आणि खाड्या जपण्याचा सरकारी कार्यक्रम, चालतो. त्यात २८ ठिकाणं आहेत. मेरीलँडच्या उपसागरांसाठी काम करणारी ना-नफा संस्था त्यांपैकीच एक. दर वर्षी तिथल्या प्रत्येक उपसागराची प्रगतिपुस्तकासारखी श्रेणी जाहीर होते: नत्र, फॉस्फरस, हरितद्रव्य, प्राणवायू, समुद्री गवत आणि शिंपले यांवरून. त्यात १९३३च्या वादळाने फोडलेल्या तोंडाजवळचा सायनपक्सेंट उपसागर सहसा वर असतो आणि आत वळलेल्या, नद्यांचं पाणी घेणाऱ्या जागा खाली, म्हणजे पाणी किती लवकर बदलतं याचाच तो नकाशा.

कुठेही अशा संस्थेत नाव नोंदवण्यापूर्वी विचारा की माझ्या नोंदी कुठे जातात आणि त्या तपासतं कोण. प्रशिक्षण आहे का, वर्षातून एकदा सगळ्यांचे मोजमाप जुळवून बघतात का, हेही विचारा. गडबडलेलं उत्तर आलं तर सफाईला जरूर जा, मोजणीला दुसरी संस्था शोधा. आणि ऋतू निवडायला मिळाला तर हिवाळा मागून घ्या. पक्ष्यांच्या आणि खेकड्यांच्या दिवसांत माणसं आपणहून येतात. गारठ्यात धक्क्यावर उभं राहून तबकडी सोडायला कुणी मिळत नाही, आणि तक्त्यातले रिकामे रकाने बहुतेक तेव्हाचेच असतात.