नकाशा किती सरकला, त्यावरून कळतं तो का सरकला

गेल्या महिन्यात ओळखीच्या एका शिक्षिकेचा फोन आला. विद्यार्थ्यांना सोबत घेऊन त्यांनी दोनशे झाडांच्या नोंदी केल्या होत्या. मोबाइलवरून प्रत्येक झाडाचे अक्षांश-रेखांश टिपून घेतले, तक्ता तयार केला आणि तो क्यूजीआयएस या मुक्त नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये उघडला. पडद्यावर एकही झाड दिसेना. "प्रोग्रॅम बिघडलाय का हो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "लेयरच्या, म्हणजे नकाशावर चढवलेल्या त्या माहितीच्या थराच्या, नावावर उजवं बटण दाबा आणि 'झूम टू लेयर' करा." नकाशा उडी मारून गेला आणि चहूकडे निळं पाणी दिसू लागलं. दोनशेच्या दोनशे झाडं आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात, एकाच ठिपक्यात गोळा झाली होती.

हे ऐकल्याबरोबर चूक कुठे आहे ते माझ्या लक्षात आलं. नकाशातल्या चुकांची हीच गोष्ट मला फार आवडते. चूक किती अंतराची आहे, हे पाहिलं की कारण सापडतं. ताप किती आणि कधी चढतो यावरून डॉक्टर अंदाज बांधतात, तसंच हे.

समजा, एका झाडाचा रेखांश ७५ आहे आणि अक्षांश २०. संगणकाला हे फक्त दोन आकडे दिसतात. ते अंश आहेत की मीटर, हे कुणीतरी सांगावं लागतं. ती माहिती ज्या खुणेत असते तिला सीआरएस म्हणतात, म्हणजे निर्देशांक पद्धती. अंशांसाठीची नेहमीची पद्धत ईपीएसजी ४३२६ या क्रमांकाने ओळखली जाते, तर इंटरनेटवरचे बहुतेक नकाशे ज्या वेब मर्केटर पद्धतीत बनतात तिचा क्रमांक ३८५७. त्या पद्धतीत विषुववृत्त आणि शून्य रेखांश जिथे छेदतात तिथून मीटरमध्ये अंतर मोजतात. बाईंच्या पार्श्वभूमीचा नकाशा ३८५७ मध्ये होता, म्हणून तक्ता आत घेताना त्यांनी तोच क्रमांक निवडला. झालं! ७५ अंशांचे ७५ मीटर झाले आणि २० अंशांचे २० मीटर. त्यामुळे झाड शून्य-शून्यच्या बिंदूपासून जेमतेम ७८ मीटरवर जाऊन बसलं. खरं तर ३८५७ मध्ये त्याच झाडाचे आकडे सुमारे ८३ लाख ४९ हजार आणि २२ लाख ७३ हजार मीटर यायला हवेत.

इथे बहुतेक जण आणखी एका ठिकाणी अडखळतात. 'सेट लेयर सीआरएस' ही आज्ञा फक्त लेबल बदलते, आकड्यांना हात लावत नाही. 'रीप्रोजेक्ट लेयर' गणित करून नवे आकडे काढते आणि वेगळा लेयर बनवते. ताप १०१ फॅरनहाइट आहे आणि तो सेल्सिअसमध्ये हवाय, तर गणित करून ३८.३ लिहावं लागतं. नुसतं एकक खोडून १०१ सेल्सिअस लिहिलं तर रोगी उकळत्या पाण्यापेक्षा गरम होईल. लेबलच चुकलं असेल तर 'सेट' करायचं, आणि लेबल बरोबर असून दुसऱ्या पद्धतीत जायचं असेल तर 'रीप्रोजेक्ट'. बाईंचं लेबल चुकलं होतं. ४३२६ 'सेट' करताच झाडं आपापल्या जागी आली.

अक्षांश आणि रेखांश यांचे रकाने उलटसुलट झाले, तर तेच झाड नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या थंडगार समुद्रात जाईल. बोलताना आपण आधी अक्षांश म्हणतो. सॉफ्टवेअर मात्र क्ष म्हणून रेखांश मागतं. गोंधळ तिथे होतो.

हजारो किलोमीटरची चूक अशी लगेच दिसते. शंभर-दोनशे मीटरची चूक खरी फसवी. रस्ते, नाले, इमारती सगळं ओळखू येतं, पण सगळं एकाच दिशेला सारखंच सरकलेलं असतं. लोक मग हाताने लेयर ओढून जागेवर बसवतात. तसं कृपा करून करू नका. त्या सरकण्यामागे पृथ्वीच्या आकाराची एक विलक्षण गोष्ट आहे.

ग्रिनिचच्या वेधशाळेत शून्य रेखांशाची रेघ जमिनीवर आखलेली आहे. तिच्यावर उभं राहून मोबाइलमध्ये रेखांश पाहिला तर शून्य दिसत नाही. शून्य मिळवायला १०२ मीटर पूर्वेला चालत जावं लागतं. मोबाइल बरोबर आहे आणि जुने खगोलशास्त्रज्ञही चुकलेले नव्हते. जॉर्ज एअरी यांची दुर्बीण १८५१ पासून तिथे वेध घेत होती, आणि १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेने तिच्यातून जाणारी रेषा जगासाठी शून्य मानली. 'सरळ वर' कोणतं, हे त्या वेळी पाऱ्याच्या पसरट पृष्ठभागावरून ठरवत. पारा स्थिर झाला की त्याचा पृष्ठभाग गुरुत्वाकर्षणाला काटकोनात असतो. मात्र पृथ्वीच्या पोटातलं वस्तुमान सगळीकडे सारखं पसरलेलं नाही. त्यामुळे ओळंबा काही ठिकाणी किंचित तिरका ओढला जातो. ग्रिनिचला त्याचा परिणाम ५.३ विकला, म्हणजे एका अंशाच्या सुमारे सातशेव्या भागाइतका. उपग्रह मात्र पृथ्वीच्या वस्तुमान-केंद्राभोवती फिरतात, त्यामुळे स्थानिक ओळंब्याशी त्यांना देणंघेणं नसतं. एवढ्याशा तिरकेपणाचं त्या अक्षांशावर अंतर काढलं की उत्तर १०२ मीटर येतं.

पृथ्वीला कोणता लंबगोल मानायचा आणि तो कुठे टेकवायचा, या करारालाच डेटम म्हणतात. डब्ल्यूजीएस ८४ या आजच्या डेटममध्ये विषुववृत्तीय त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर धरली आहे. जुन्या सर्वेक्षणांनी आपापल्या प्रदेशाला नीट बसतील असे वेगळे लंबगोल वापरले. म्हणून जुना नकाशा स्कॅन करून त्यावर मोबाइलमधले बिंदू ठेवले की दोन्ही बरोबर असूनही जुळत नाहीत. क्यूजीआयएस अशा वेळी एका डेटममधून दुसऱ्यात नेण्याच्या पर्यायांची यादी दाखवतं आणि प्रत्येकासमोर अचूकता मीटरमध्ये लिहिलेली असते. लोक ती खिडकी न वाचता 'ओके' दाबतात. ती वाचा. तुमच्या प्रदेशाचं नाव असलेला आणि कमीत कमी मीटरची चूक सांगणारा पर्याय घ्या.

याहून बारीक चूकही असते. ऑस्ट्रेलिया खंड दरवर्षी सुमारे ७ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. तिथल्या १९९४ च्या डेटममधला बिंदू आणि २०२० च्या डेटममधला तोच बिंदू यांच्यात त्यामुळे सुमारे १.८ मीटरचा फरक पडतो. म्हणजे नकाशाला स्थळाबरोबर तारीखही लागते! मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा त्या रात्री झोप आली नव्हती.

एवढी बारकाई पाहिल्यावर समाजमाध्यमांवरचे काही संदेश अस्वस्थ करतात. 'जगातली अमुक प्राचीन स्थळं एका सरळ रेषेत आहेत, पूर्वजांना गूढ ज्ञान होतं' असं सांगत सोबत नकाशा दिलेला असतो. वेब नकाशावर सगळं जग २५६ ठिपक्यांच्या चौकोनात बसवलं, तर विषुववृत्तावर एक ठिपका १५६ किलोमीटरचा होतो. एवढ्या जाड रेघेवर कोणतीही चार-पाच स्थळं सापडतील. शिवाय त्या नकाशावरची सरळ रेघ गोलावर बहुधा सरळ नसतेच. पूर्वजांच्या खऱ्या निरीक्षणशक्तीचा मान राखायचा, तर असल्या रेघा पुढे पाठवणं थांबवावं.

क्षेत्रफळाची तक्रारही याच कुळातली. वेब मर्केटरमध्ये ध्रुवांकडे जाताना लांबी फुगत जाते. ६० अक्षांशावर ती दुप्पट होते आणि क्षेत्रफळ चौपट. २० अक्षांशावरही क्षेत्रफळ १३ टक्क्यांनी जास्त येतं, आणि एवढी चूक नुसत्या नजरेला कळत नाही. क्यूजीआयएसमध्ये डॉलरचं चिन्ह लावलेलं 'एरिया' हे सूत्र प्रोजेक्टमध्ये ठरवलेल्या लंबगोलावर मोजतं. त्या चिन्हाशिवायचं 'एरिया' नकाशाच्या सपाट आकड्यांवर मोजतं. लेयर अंशांत असेल तर तिथे एक हेक्टर जमीन ०.००००००८६ अशी दिसेल, तीही चौरस अंशांमध्ये. ५०० मीटरचा बफर, म्हणजे भोवतालचा पट्टा, मागावा आणि सगळा पडदा एका रंगाने भरून जावा, यामागेही हेच असतं. संगणकाने ५०० अंश घेतलेले असतात. उपाय म्हणजे लेयर यूटीएममध्ये, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत, रीप्रोजेक्ट करणं. रेखांशात १८० मिळवून ६ ने भागायचं आणि पूर्णांकात १ मिळवायचा, की पट्ट्याचा क्रमांक मिळतो. ७५ रेखांशासाठी तो ४३.

बहुभुजाची, म्हणजे प्लॉटसारख्या बंद आकृतीची, कड स्वतःलाच छेदत असेल तर 'फिक्स जॉमेट्रीज' ही आज्ञा चालवा, बहुतेक वेळा काम होतं.

आता अक्षरांचं. शेपफाइल, म्हणजे नकाशाची माहिती साठवायचा जुना फाइल-प्रकार, उघडल्यावर मराठी नावांच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसतात, तेव्हा ती नीट न्याहाळा. दर तिसऱ्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' दिसतोय? मग मजकूर शाबूत आहे. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत (एन्कोडिंगमध्ये) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि त्यातला पहिला बाइट कायम एकच. तो चुकीच्या पद्धतीने वाचला की हा 'ए' उमटतो. लेयरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'सोर्स' या भागात एन्कोडिंग यूटीएफ-८ करा, नावं परत येतील. रकान्याचं शीर्षक मात्र परत येणार नाही. शेपफाइलमध्ये त्याला फक्त १० बाइट मिळतात, आणि तेवढ्यात देवनागरीची तीनच पूर्ण चिन्हं मावतात. काना, मात्रा, वेलांटी यांनाही त्यात स्वतंत्र जागा लागते. 'लोकसंख्या' लिहायला गेलात तर 'लोक' एवढंच पूर्ण उरतं. बाईंना मी म्हटलं, पुढच्या वेळी काम सुरू करतानाच जिओपॅकेज या नव्या फाइल-प्रकारात साठवा, तिथे शीर्षकाला ही दहा बाइटची अट नाही. त्यांच्या तक्त्यात 'खोडाचा घेर' असा रकाना होता.