अल्फोन्सो (पुरुषनाम)

अल्फोन्सो : जर्मानिक मुळाचे पुरुषनाम. पोर्तुगीजमध्ये अफोन्सो, फ्रेंचमध्ये आल्फाँस, जर्मनमध्ये आल्फोन्स. आज ते अस्सल स्पॅनिश वाटते. पण इबेरियात (स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पात) ते रुजवले विसिगॉथ या जर्मानिक लोकांनी, ज्यांचे तेथील राज्य इ. स. ७११ च्या मुस्लिम स्वारीत कोसळले. राज्य गेले, नावे राहिली.

जर्मानिक नावे बहुधा दोन पदे जोडून बनत. यातील उत्तरपद ‘फुन्स’, म्हणजे सज्ज, तत्पर. पूर्वपदाविषयी मात्र मतभेद आहेत : कोणी ‘अदल’ (कुलीन) मानतात, कोणी ‘हथु’ (लढाई). बहुधा एकाहून अधिक नावे झिजत झिजत एकाच रूपात मिसळली असावीत. ‘हिल्द’ (युद्ध) या पदाचे इल्देफोन्सो तेवढे वेगळे टिकले. सातव्या शतकातील, स्पेनमधल्या टोलेडो शहराच्या एका बिशपांचे ते नाव.

नावाला प्रतिष्ठा दिली राजांनी. उत्तर स्पेनमधील अस्तुरियास राज्याचा पहिला अल्फोन्सो ७३९ मध्ये गादीवर आला. सहाव्याने १०८५ मध्ये टोलेडो जिंकले. दहावा (कारकीर्द १२५२–८४) ‘विद्वान’ म्हणून ओळखला जातो. त्याच्या आश्रयाने रचलेल्या खगोलीय सारण्या सोळाव्या शतकापर्यंत युरोपभर वापरात होत्या. अकरावा १३५० मध्ये प्लेगने गेला आणि बारावा यायला १८७४ उजाडले, तरी क्रमांक तोच पुढे चालवला गेला! पोर्तुगालचा पहिला राजाही अफोन्सोच. पोलिश भाषेत मात्र या राजनामाची पार रया गेली : तेथे ‘आल्फोन्स’ म्हणजे वेश्यांच्या कमाईवर जगणारा.

१५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द आल्बुकर्कमुळे हे नाव आपल्या किनाऱ्यावर पोचले. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांत अफोन्सो हे आडनाव आजही आढळते. आंब्याच्या एका कलमी जातीलाही आल्बुकर्कचेच नाव मिळाले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्याने स्वतः कलमे बांधली, असे समजण्याचे कारण नाही. ते श्रेय पोर्तुगीज अमदानीतील, विशेषतः जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाच्या, बागांना दिले जाते.

पोर्तुगीजमध्ये या नावातला ‘ल’ पुढच्या ‘फ’मध्ये विरला, जुन्या लेखनात दोन ‘फ’ लिहीत, ते त्यामुळेच. शेवटचा ‘ओ’ही उच्चारात ‘उ’कडे झुकतो. त्यामुळे आपल्याकडे आफूस, आपूस, हापूस ही रूपे झाली, आणि त्यांत ‘ल’ कुठेच नाही. ‘अल्फोन्सो’ हे ‘ल’सकटचे रूप पेट्यांवर आले ते इंग्रजीतून. २०१८ मध्ये कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, तेही ‘अल्फोन्सो’ याच नावाने.