खासदारांचे भत्ते: नियम कोण बदलतं आणि त्याचे कागद कसे मागवायचे

आपल्या खासदाराच्या कार्यालयासाठी दरमहा किती पैसे येतात आणि तो आकडा कोणी ठरवला, हे विचारायला ओळखपाळख लागत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज पुरतो. तरीही असे बरेच अर्ज फुकट जातात, कारण मागितलेला कागद त्या कार्यालयात नसतोच. म्हणून आधी पैशांची वाट समजून घ्या.

एक घोळ सुरुवातीलाच मिटवू. ‘खासदाराला वर्षाला 5 कोटी मिळतात’ असं पारावर सर्रास बोललं जातं. तो स्थानिक विकास निधी. खासदार कामं सुचवतो, पैसा जिल्हा प्रशासनामार्फत खर्च होतो. भत्त्यांशी त्याचा संबंध नाही, त्याची माहिती जिल्हाधिकारी कार्यालयात मागा.

भत्त्यांचा उगम राज्यघटनेच्या अनुच्छेद 106 मध्ये आणि खासदारांच्या वेतन-भत्त्यांच्या 1954च्या कायद्यात आहे. त्या कायद्याच्या कलम 9 नुसार दोन्ही सभागृहांची 15 जणांची संयुक्त समिती असते: 10 लोकसभेचे, 5 राज्यसभेचे. ही समिती केंद्र सरकारशी सल्लामसलत करून नियम करते. राज्यसभेचे सभापती आणि लोकसभेचे अध्यक्ष यांनी मान्यता दिली आणि नियम राजपत्रात छापून आले की ते लागू होतात. म्हणजे भत्ते घेणारेच भत्त्यांचे नियम करतात. वेतन मात्र दर पाच वर्षांनी महागाई निर्देशांकानुसार वाढवायचं, असं 2018 मध्ये ठरलं. मार्च 2025 मध्ये निघालेल्या वाढीत ते दरमहा 1 लाखावरून 1 लाख 24 हजार झालं, तेही 1 एप्रिल 2023 पासून मागे जाऊन. त्याच सुमारास मतदारसंघ भत्ता 70 हजारांवरून 87 हजारांवर आणि कार्यालयीन खर्च भत्ता 60 हजारांवरून 75 हजारांवर गेला.

अर्ज लिहिताना या शेवटच्या दोन भत्त्यांतला फरक लक्षात घ्या. मतदारसंघ भत्ता ही दरमहा ठोक रक्कम आहे. तिची ‘बिलं द्या’ म्हणाल, तर ‘अशी माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर येण्याचीच शक्यता जास्त. कार्यालयीन भत्त्याचे दोन भाग आहेत. 25 हजार लेखनसामग्री आणि टपालासाठी, तर 50 हजारांपर्यंत मदतनिसाच्या पगारासाठी. पगाराचे पैसे सभागृहाचं सचिवालय थेट मदतनिसाला देतं, आणि नेमलेल्यांपैकी एकाला संगणक येतो असं खासदाराला प्रमाणित करावं लागतं. म्हणजे इथे नोंद तयार होते आणि ती सचिवालयाकडेच राहते. करोनाकाळात, एप्रिल 2020 मध्ये, वर्षभरासाठी कपात झाली तेव्हा लेखनसामग्रीचे 20 हजार 14 हजारांवर आले, मदतनिसाच्या 40 हजारांना हात लागला नाही. नियम बदलताना काय तपासलं जातं हे पाहायचं असेल तर कार्यालयीन भत्त्याच्या नियमांचीच फाइल मागवावी.

अर्ज कोण करू शकतं? कोणताही भारतीय नागरिक. परदेशात राहणारा मराठी माणूस भारतीय पासपोर्टवर असेल तर तोही. ओसीआय कार्डधारक (परदेशी नागरिकत्व असलेले भारतीय वंशाचे लोक) मात्र नाही. कारण सांगावं लागत नाही. नाव, संपर्काचा पत्ता आणि शुल्क भरल्याचा पुरावा एवढं पुरे. शुल्क साधारण 10 रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते माफ आहे, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते. एक खाच आहे: माहिती अधिकार कायद्याच्या कलम 28 नुसार लोकसभा, राज्यसभा आणि विधिमंडळ शुल्काचे व अर्जाचे नियम स्वतःचे करू शकतात. म्हणून पोस्टल ऑर्डर कोणाच्या नावाने काढायची ते त्या सचिवालयाच्या संकेतस्थळावर पाहूनच काढा. दिल्लीला पाठवायचा अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत लिहिलेला बरा.

‘भत्ता का वाढवला?’ असं विचारू नका. माहिती अधिकारी अस्तित्वात असलेला कागद देतो, खुलासा करायला तो बांधील नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘कार्यालयीन खर्च भत्त्याच्या नियमांत 2018 पासून झालेल्या प्रत्येक बदलाची राजपत्रातील अधिसूचना, त्याआधीच्या टिपण्या आणि केंद्र सरकारशी झालेला पत्रव्यवहार यांच्या प्रती द्याव्यात.’ समितीच्या कामकाजाचे कागद विशेषाधिकारभंगाचं कारण देऊन, त्याच कायद्याच्या कलम 8(1)(c) खाली, नाकारले जाऊ शकतात. मदतनिसाचं नाव विचारलंत तर वैयक्तिक माहितीचं कलम पुढे येईल, आणि नोव्हेंबर 2025 पासून ते आणखी कडक झालं आहे. नाव सोडून द्या. किती मदतनीस नेमले आणि त्यांना एकूण किती रक्कम दिली, एवढंच मागा. तेही नाकारलं तर कलम 8(2) मधला व्यापक जनहिताचा मुद्दा अपिलात मांडता येतो.

उत्तर 30 दिवसांत यायला हवं. आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुढच्या 30 दिवसांत त्याच कार्यालयात पहिलं अपील, आणि त्याच्या निर्णयानंतर 90 दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं. आमदारांचे भत्ते अनुच्छेद 195 आणि राज्याच्या वेगळ्या कायद्याखाली येतात. त्यांच्यासाठी अर्ज मराठीत, मुंबईत विधिमंडळ सचिवालयाकडे करायचा, आणि दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे.