सांगली–मिरज शहर बस खेळात कशी उतरली: पार्श्वभूमी

बस चालवण्याच्या मोबाइल-संगणक खेळांत लालपरी आधी आली, सांगलीचा रस्ता फार नंतर. २०१७ मध्ये मोबाइलवर इंडोनेशियातल्या बसचा खेळ आला, त्यात गाडीचा रंग बदलता येत होता आणि पुढे स्वतः बनवलेली गाडीही घालता येऊ लागली. जिल्ह्यातल्या मुलांनी लगेच एसटी बनवली, पण ती धावत राहिली जावा बेटावरच्या रस्त्यांवर. त्या गाड्यांत एक चूक सर्रास दिसते, ती म्हणजे सांगली जिल्ह्याच्या एमएच १० ची नंबरप्लेट. एसटीची नोंदणी बहुतेक वेळा बॉडी जिथे बांधली त्या कार्यशाळेच्या हद्दीत होते. त्यामुळे सांगली आगाराच्या गाडीवर दापोडीचा एमएच १४ बीटी, चिकलठाण्याचा एमएच २० बीएल किंवा हिंगण्याचा एमएच ४० असतो. आगाराचं नाव बॉडीवर वेगळं रंगवलेलं असतं. आज नवी गाडी तपासताना जाणकार आधी नंबरप्लेट पाहतात ते यामुळे.

संगणकावरची धारा वेगळी आणि जुनी. ऑम्सी हा बस चालवण्याचा जर्मन खेळ २०११ चा, त्याची दुसरी आवृत्ती २०१३ ची. मूळ नकाशा बर्लिनच्या श्पांडाउ भागाचा आहे. गाडी चालवण्यापेक्षा वेळापत्रक पाळणं हा त्याचा गाभा आणि नकाशा बनवण्याचं साधन सोबतच मिळतं. आजचं सांगली–मिरजचं काम याच खेळावर उभं आहे.

नकाशा ३०० मीटरच्या चौकोनांत भरावा लागतो. सांगली स्टँड ते मिरज सुमारे १० किलोमीटर, म्हणजे नुसत्या रस्त्याच्या रेषेला चौतीसेक चौकोन, आजूबाजूच्या वस्तीचे वेगळे. पहिल्या प्रयत्नांत विश्रामबाग ते वानलेसवाडी हा टप्पा आखडून घेतला जायचा. दिसायला ते चालून जात होतं, पण फेरीची खरी वेळ लावली की गाडी प्रत्येक थांब्यावर लवकर पोचायची. आता पूर्ण लांबीच धरतात आणि काटकसर इमारतींच्या चित्रांत करतात, कारण खेळ ३२-बिट आहे. ४ जीबीच्या पुढे स्मृती जाऊ लागली की तो बंद पडतो.

रस्त्यांच्या रेषा खुल्या नकाशावरून मिळाल्या, जमिनीची उंची उपग्रह-रडारच्या माहितीवरून. सांगली सपाट असल्याने तिथे फारसं अडत नाही, पण ही रडारची उंची झाडांचे शेंडे आणि छपरंही मोजते. तशीच घेतली तर मार्केट यार्डाजवळ रस्त्याला नसलेले उंचवटे येतात. म्हणून रस्त्याखालची जमीन हाताने गुळगुळीत करावी लागते. उलट आयर्विन पुलाखाली ती नदीची उंची देते, त्यामुळे १९२९ चा हा पूल पूर्ण हाताने उचलावा लागला. पाणीपातळीच्या खुणांत ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका या दोन तरी हव्यातच. त्याशिवाय तो पूल सांगलीकराला आपला वाटणार नाही. रस्त्यावरून दिसणारी गोलाकार छायाचित्रं (गूगल स्ट्रीट व्ह्यू) २०२२ मध्ये देशात सुरू झाली तेव्हा पहिल्या दहा शहरांत पुणे, नाशिक, अहमदनगर होतं, सांगली नव्हतं. तोपर्यंतचं सगळं काम दुचाकीवरून काढलेल्या व्हिडिओंवर झालं.

खरा वाद पेटला तो वेळापत्रकावर, आणि अजून पुरता मिटलेला नाही. १९९८ पासून सांगली, मिरज, कुपवाड मिळून एक महापालिका आहे, पण शहर बस आजवर एसटीच्याच गाड्यांवर चालत आली, तीही दोन आगारांतून. एकच गाडी दिवसभर सांगली–मिरज करून संध्याकाळी गावाला मुक्कामी जाऊ शकते. समजा ती समडोळीला गेली, तर पहाटे तिथून निघून पुन्हा शहरात येणार. मग ही गाडी शहरी धरायची की ग्रामीण?

खेळाची रचना अशी: आधी ट्रॅक, म्हणजे प्रत्यक्ष वाट. त्यावर ट्रिप, म्हणजे फेरी. फेऱ्या ओळीने लावून टूर, म्हणजे आपली ड्युटी. आणि अनेक टूर एका लाइनच्या फाइलमध्ये. नकाशा बनवणाऱ्यांपैकी एका गटाने प्रत्येक मार्गाला वेगळी लाइन केली. कागदावर ते नीटस दिसतं, पण टूर एका लाइनच्या बाहेर जात नाही. त्यामुळे सांगली–मिरज फेरी संपली की गाडी मिरज स्टँडवर नाहीशी होते आणि मालगावची गाडी दुसरीकडून उगवते. फलाट रिकामा पडतो, आणि उशीर पुढच्या फेरीला लागतच नाही. मिरजेत दहा मिनिटं उशिरा आलेली गाडी पुढची फेरीही उशिराच सुटणार, हेच तर एसटीचं वास्तव आहे.

दुसऱ्या गटाने लाइन मार्गाची न धरता आगाराची धरली: एक फाइल सांगली आगाराची, एक मिरजेची. हे जमतं, कारण पाटीवर काय दिसायचं ते फेरीत वेगळं लिहिता येतं, त्यासाठी लाइनच्या फाइलवर अवलंबून राहावं लागत नाही. मुक्कामाची गाडी नकाशाच्या कडेला संपवायची आणि पहाटेची परतीची फेरी वेगळ्या टूरच्या सुरुवातीला घालायची. यात खेळाडूला यादीतून ड्युटी शोधायला त्रास होतो, एवढा आक्षेप खरा आहे. पण टूरच्या नावात सुटण्याची वेळ आणि पहिलं गाव लिहिलं की तो बराच कमी होतो. स्टँडवर गाड्या लागलेल्या दिसायच्या असतील तर दुसरी पद्धतच घ्यावी.

साल कोणतं धरायचं हा प्रश्न याला जोडूनच आहे. मार्च २०२० ची टाळेबंदी आणि २०२१–२२ चा लांबलेला संप यांत नेहमीचं वेळापत्रक मोडलं, म्हणून बहुतेक जण २०१९ च्या पावसाळ्याआधीच्या फेऱ्या धरतात. तसं केलं तर २०२२ नंतरची विजेवरची गाडी त्या नकाशात बसत नाही, आणि ती घालण्याचा मोह आवरावा. खेळात तारखेनुसार नकाशा बदलण्याची सोय आहे, पण दोन काळ सांभाळायचे म्हणजे फेऱ्या दोनदा लिहाव्या लागतात.

त्याआधीच्या सांगलीकडे कुणी फारसं वळलेलं नाही. ब्रॉडगेज आल्यावर शहरातलं जुनं स्टेशन बंद झालं आणि स्टेशन चौकाचं नाव तेवढं उरलं. मीटरगेजचा काळ करायचा तर त्या चौकापासून सगळं नव्याने आखावं लागेल.

पाटीची अडचण उशिरा लक्षात आली. खेळाचा फाँट एकेक अक्षर चित्रासारखं शेजारी ठेवतो, जोडाक्षर जुळवत नाही. ‘विश्रामबाग’मधला श्र फुटतो आणि पहिली वेलांटी व च्या मागे पडते. म्हणून प्रत्येक पाटीचं अख्खं चित्र बनवून गावांच्या यादीतून त्याचं नाव द्यायचं. चालकाने तिकीट देण्याची सोय बंद ठेवायची आणि दार लागल्यावर डबल बेलचा आवाज जोडायचा.

डाव्या बाजूची वाहतूक पहिला रस्ता टाकण्याआधीच चालू करावी. खेळातली वाहनं आपली लेन सोडून ओव्हरटेक करत नाहीत, त्यामुळे रिक्षा आणि दुचाकींसाठी डाव्या कडेला अरुंद वेगळी वाट देऊन त्यांचा गट निराळा ठेवतात. थांबा मात्र मुख्य वाटेलाच जोडावा, कडेच्या वाटेला जोडला गेला तर बस न थांबता निघून जाते. क्रम रस्ते, थांबे, ट्रॅक, फेऱ्या, टूर असाच ठेवावा. ट्रॅक नोंदवून झाल्यावर पुष्पराज चौकातला एक तुकडा जरी काढून पुन्हा टाकला, तरी त्यावरून जाणारे सगळे ट्रॅक तुटतात आणि नव्याने नोंदवावे लागतात.