आइसक्रीमच्या डब्यावरचा ४७१

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की रात्रीच्या जेवणानंतर आइसक्रीमचा डबा उघडणे हा आमच्या वस्तीतल्या बऱ्याच घरांचा नित्यक्रम होतो. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या काकू असाच एक डबा घेऊन आल्या आणि बारीक अक्षरांतल्या एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारले, ‘‘हे इमल्सिफायर ४७१ म्हणजे चरबी तर नाही ना जी? नातवाला द्यायचं की नाही, तेवढं सांगा.’’ प्रश्न दोन होते, एक शाकाहाराचा आणि दुसरा सुरक्षिततेचा, आणि दोन्हींचे उत्तर एका शब्दात देणे मला प्रामाणिकपणाचे वाटले नाही. कारण अन्नात घातल्या जाणाऱ्या पदार्थांच्या यादीत ४७१ हा क्रमांक असलेला हा पदार्थ खरोखरच तेल किंवा चरबीपासून तयार होतो.

आपण खातो ते तेल, तूप किंवा लोणी यांचा मुख्य घटक म्हणजे ट्रायग्लिसराइड, म्हणजेच ग्लिसरॉलच्या एका रेणूला जोडलेल्या मेदाम्लांच्या (फॅटी अ‍ॅसिडच्या) तीन साखळ्या. त्यांतली एक साखळी नसेल तर तो रेणू डायग्लिसराइड होतो आणि दोन नसतील तर मोनोग्लिसराइड. या दोहोंचे मिश्रण म्हणजे ४७१. कारखान्यात ते करण्यासाठी तेलात जास्तीचे ग्लिसरॉल घालून, अल्कधर्मी उत्प्रेरकाच्या मदतीने, मिश्रण २०० अंश सेल्सिअसच्या वर तापवतात; तेव्हा मेदाम्लांच्या साखळ्या जुन्या आणि नव्या ग्लिसरॉलमध्ये नव्याने वाटल्या जातात. पुढे निर्वात ऊर्ध्वपातन केले तर ९० टक्क्यांहून अधिक शुद्ध मोनोग्लिसराइड मिळते. हे रसायनशास्त्र नागपूरला परके नाही. १९४२ साली सुरू झालेल्या आपल्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये, म्हणजे एलआयटीत, तेल तंत्रज्ञान हा विषय विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या शिकल्या आहेत.

या रेणूचा उपयोग समजून घ्यायला तर्री पोह्यांची प्लेट आठवावी. तर्रीच्या भांड्यात वर तरंगणारा लालभडक तेलाचा थर आपल्याला हवाच असतो, पण तो तिथे असतो याचे कारण तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. ट्रायग्लिसराइडच्या रेणूला पाण्याची जवळपास ओढच नसते. मोनोग्लिसराइडमध्ये मात्र ग्लिसरॉलची दोन टोके मोकळी असल्यामुळे त्यांना पाणी मानवते आणि उरलेल्या साखळीला तेल मानवते. असा रेणू तेल आणि पाणी यांच्या सीमेवर जाऊन बसतो आणि तेलाचे बारीक थेंब पाण्यात विखुरलेले ठेवण्यास मदत करतो. अशा पदार्थाला इंग्रजीत इमल्सिफायर आणि मराठीत पायसीकारक म्हणतात. विदर्भात पिकणाऱ्या सोयाबीनचे कच्चे तेल पाण्याने धुताना जो चिकट गाळ वेगळा होतो, त्यापासून मिळणारे लेसिथिन, म्हणजे क्रमांक ३२२, हे याच कामाचे दुसरे परिचित साधन आहे.

आइसक्रीममध्ये मात्र ४७१ जे करते ते मला अजूनही विलक्षण वाटते, कारण तिथे त्याचे काम थेंब वेगळे ठेवण्याचे नसून ते थोडेसे बिघडवण्याचे असते. दुधातल्या स्निग्धांशाचे थेंब आधीच दुधाच्या प्रथिनांच्या आवरणाने सुरक्षित झालेले असतात आणि तेवढ्यासाठी वेगळ्या पायसीकारकाची गरज नसते. मिश्रण काही तास चार अंशांच्या आसपास थंड ठेवले की मोनोग्लिसराइडचे रेणू या आवरणातली काही प्रथिने बाजूला सारून त्यांची जागा घेतात. आवरण कमकुवत होते आणि यंत्रात मिश्रण गोठवत घुसळताना थेंब एकमेकांवर आदळून अर्धवट चिकटतात. पूर्ण चिकटले असते तर लोणी निघाले असते. अर्धवट चिकटल्यामुळे त्यांची जाळी तयार होते आणि ती जाळी हवेच्या बुडबुड्यांना धरून ठेवते. हवा आइसक्रीममध्ये किती असते याची कल्पना भारतीय मानकावरून येते: एक लिटर आइसक्रीमचे वजन किमान ५२५ ग्रॅम असले पाहिजे, म्हणजे डब्यातली जवळजवळ अर्धी जागा हवेची असू शकते. या जाळीमुळेच नागपूरच्या उन्हात दुकानापासून घरापर्यंत आणलेले आइसक्रीम लगेच पाणी होत नाही, काही काळ आकार धरून राहते. एवढ्या कामासाठी लागणारे प्रमाण साधारण ०.१ ते ०.३ टक्के.

पावात त्याचे काम वेगळे आहे. पाव शिळा होऊन कडक होतो, त्यामागे भाजल्यानंतर स्टार्चच्या साखळ्या पुन्हा एकमेकींजवळ येऊन स्फटिकासारख्या रचल्या जाणे हे एक मोठे कारण असते. मोनोग्लिसराइडची साखळी स्टार्चच्या मळसूत्री रेणूत शिरून बसते आणि ही रचना लांबणीवर टाकते, त्यामुळे पाव एक-दोन दिवस अधिक मऊ राहतो.

आता काकूंच्या नातवाकडे येऊ. आपण तेल-तूप खातो तेव्हा स्वादुपिंडातून आलेले लायपेज हे विकर आतड्यात ट्रायग्लिसराइडच्या दोन बाजूंच्या साखळ्या तोडते. उरते ते मधल्या साखळीचे मोनोग्लिसराइड, जे पित्तरसाच्या मदतीने आतड्याच्या पेशींत शोषले जाते आणि तिथे पुन्हा ट्रायग्लिसराइडमध्ये जोडले जाते. रेणूंच्या वजनांवरून ढोबळ हिशेब केला तर ३० ग्रॅम तेल पचताना सुमारे १२ ग्रॅम मोनोग्लिसराइड आपल्याच पोटात तयार होते. १०० ग्रॅम आइसक्रीममधून येणारे ४७१ असते सुमारे ०.२ ग्रॅम. शरीराला हा रेणू अनोळखी नाही, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९७३ साली या पदार्थासाठी दैनंदिन मर्यादा ठरवण्याची आवश्यकता मानली नाही. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१७ साली फेरतपासणी करून, सध्याच्या वापराच्या प्रमाणात सुरक्षिततेची चिंता नसल्याचे म्हटले. मात्र त्याच अहवालातील दुसरी सूचना मला अधिक महत्त्वाची वाटते. ४७१ मध्ये कच्च्या तेलातून येणाऱ्या अशुद्धींवर, म्हणजे ट्रान्स मेदाम्ले (हृदयाला अपायकारक ठरणारा मेदाम्लांचा प्रकार), शिसे-आर्सेनिकसारखी विषारी मूलद्रव्ये आणि ग्लिसिडिल एस्टर, यांवर अधिक कडक मर्यादा घालाव्यात, असे त्यात सुचवले होते. ग्लिसिडिल एस्टर वनस्पती तेल, विशेषतः पाम तेल, खूप उच्च तापमानावर शुद्ध करताना तयार होतात आणि पोटात त्यांपासून मोकळे होणारे ग्लिसिडॉल हे मानवात बहुधा कर्करोगकारक मानले गेले आहे. काळजी घ्यायची तर रेणूपेक्षा त्याच्या कच्च्या मालाची घ्यायला हवी.

२०२४ साली फ्रान्समधील एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि ४७१ पुन्हा चर्चेत आले. सुमारे ९२ हजार प्रौढांचा आहार आणि आजार जवळपास पावणेसात वर्षे नोंदवल्यावर, ४७१ सर्वाधिक खाणाऱ्या गटात कर्करोगाचे प्रमाण सर्वांत कमी खाणाऱ्या गटापेक्षा सुमारे १५ टक्के अधिक आढळले. हा निष्कर्ष झटकून टाकण्यासारखा नाही, पण तो निरीक्षणातून आलेला संबंध आहे, सिद्ध झालेले कारण नव्हे. स्वेच्छेने सहभागी झालेल्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या; शिवाय जे लोक ४७१ अधिक खातात ते केक, बिस्किटे, पाकीटबंद पाव आणि त्यांतली साखर, मैदा व तेलही अधिक खातात. संशोधकांनी अशा घटकांचा प्रभाव गणिताने वजा केला असला, तरी तो पूर्णपणे वजा होतोच असे नाही. उंदरांच्या आतड्यात दाह दिसल्याचे जे प्रयोग २०१५ नंतर गाजले, ते मुख्यतः कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज आणि पॉलिसॉर्बेट ८० यांवरचे होते. ती दोन्ही पायसीकारके ४७१ पेक्षा रासायनिकदृष्ट्या अगदी वेगळी आहेत, त्यामुळे त्यांचे निष्कर्ष याला लावणे योग्य नाही.

ट्रान्स मेदाम्लांबाबत भारताने चांगले पाऊल उचलले आहे. तेले आणि स्निग्ध पदार्थांमधली त्यांची मर्यादा जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के करण्यात आली.

राहिला शाकाहाराचा प्रश्न. ४७१ वनस्पती तेलापासूनही होते आणि जनावराच्या चरबीपासूनही, आणि तयार झालेल्या पदार्थाकडे पाहून ते ओळखता येत नाही. परंतु आपल्या कायद्याप्रमाणे हिरव्या ठिपक्याच्या पदार्थात प्राण्यांपासून मिळालेला, दूध आणि मध यांसारखे अपवाद वगळता, कोणताही घटक चालत नाही; अ‍ॅडिटिव्हलाही, म्हणजे ४७१ सारख्या वरून घातलेल्या पदार्थालाही, हा नियम लागू आहे. काकूंच्या डब्यावर हिरवा ठिपका होता, म्हणजे तिथले ४७१ वनस्पती तेलाचे होते.

पण तो डबा नीट वाचताना आम्हा दोघींना दुसरेच काही दिसले. त्यावर कुठेही आइसक्रीम हा शब्द नव्हता, ‘फ्रोझन डेझर्ट’ असे लिहिले होते. साध्या आइसक्रीममध्ये किमान १० टक्के स्निग्धांश दुधाचा असावा लागतो. फ्रोझन डेझर्टमध्ये त्याची जागा वनस्पती तेल घेते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असतात, आणि या यादीत पाणी व साखरेनंतर तिसऱ्या स्थानावर पाम तेल होते. ४७१ यादीच्या शेवटी, स्वादाच्या जरा आधी होते. नातवाच्या वाटीत किती घालायचे हे काकूंनी त्या तिसऱ्या शब्दाकडे पाहून ठरवले.