लॅक्टोफेरिन आणि ट्रान्सफेरिन: भावंडं सारखी, पण हीमपुढे दोघंही थांबतात

मोहोळहून वहिनी सोलापूरला आल्या, त्या चिकाची बरणी आणि रक्ताचा रिपोर्ट सोबत घेऊनच. हिमोग्लोबिन कमी, ट्रान्सफेरिन जास्त. "भावजी, चिकात लोह धरणारं प्रोटीन असतं म्हणे. मग खरवस खाल्ला की रक्त वाढेल ना? आणि ट्रान्सफेरिन जास्त आहे, ते तर बरंच की!"

गोंधळ होणं साहजिक आहे. चिकातलं आणि दुधातलं लॅक्टोफेरिन आणि रक्तातलं ट्रान्सफेरिन ही सख्खी भावंडं. वजन सुमारे 80 हजार डाल्टन (रेणूंचं वजन मोजायचं एकक), प्रत्येकाचे दोन भाग आणि प्रत्येक भागात लोहाचा एकच अणू, तोही कार्बोनेटच्या सोबतीनं. लोह बसलं की दोघंही गुलाबी दिसतात.

फरक आहे तो पकडीत. ट्रान्सफेरिन हमाल आहे. पेशीच्या आत थोडी आंबट जागा मिळाली, पीएच साडेपाचच्या आसपास आला, की ते ओझं उतरवतं आणि रिकामं होऊन परत रक्तात येतं. लॅक्टोफेरिन राखणदार आहे. पीएच चारच्या खाली जाईपर्यंत ते लोह सहसा सोडत नाही, त्यामुळे आजूबाजूच्या जिवाणूंना लोहाची चणचण भासते. बाळंतिणीच्या पहिल्या दुधात ते भरपूर असतं, ते बाळाच्या रक्षणासाठी. आईच्या तुलनेत गाईच्या दुधात ते फारच कमी.

आता हीम. हिमोग्लोबिनमधलं लोह मोकळं नसतं. पॉर्फिरिन नावाच्या कड्यात चार नायट्रोजननी ते मधोमध जखडलेलं असतं; लोहासकट या कड्यालाच हीम म्हणतात. ही दोन्ही प्रोटीनं मोकळं लोह उचलतात, कडं फोडून आतलं लोह काढणं त्यांना जमत नाही. रक्तपेशी रक्तातच फुटल्या तर सांडलेलं हिमोग्लोबिन हॅप्टोग्लोबिन धरतं आणि सुटं हीम हिमोपेक्सिन यकृताकडे नेतं. एरवी म्हाताऱ्या रक्तपेशी प्लीहा-यकृतातल्या भक्षक पेशी गिळतात. तिथे हीम ऑक्सिजनेज हे विकर कडं उघडतं, लोह बाहेर येतं, आणि मगच ट्रान्सफेरिनची पाळी येते. मटणातलं हीमसुद्धा आतड्याच्या पेशीत अख्खंच शिरतं आणि तिथे फुटतं. ज्वारीच्या भाकरीतलं लोह हीममध्ये नसतं, शिवाय धान्यातलंच फायटेट नावाचं द्रव्य त्याला अडवतं. म्हणून भाकरीसोबत लिंबू घ्या, असं मी आग्रहानं सांगतो.

(सोलापूरचं डाळिंब लाल असतं ते अँथोसायनिनमुळे. त्या रंगाचा हीमशी काही संबंध नाही. डाळिंब जरूर खावं, पण त्यानं रक्त वाढेल अशी वाट पाहत बसू नये.)

वहिनींच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लोह कमी पडलं की यकृत ट्रान्सफेरिन वाढवतं. म्हणजे हमाल जास्त, माल कमी. म्हणून नुसता ट्रान्सफेरिनचा आकडा पाहू नये, त्यातल्या किती जागा भरल्या आहेत ते पाहावं. निरोगी माणसात साधारण एक तृतीयांश भरलेल्या असतात. वहिनींच्या 9 टक्केच भरल्या होत्या. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिनही तळाला.

खरवस आम्ही केलाच, गूळ-वेलदोडा घालून. वाफेवर त्यातलं बरंचसं लॅक्टोफेरिन उलगडून गेलं असणार, तेही मी त्यांना सांगितलं. डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी त्या आता चहापासून दूर, दुपारी घेतात.